गोडोचे डेमो प्रकल्प आणि अ‍ॅडऑन : पार्श्वभूमी

गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, पहिल्यांदा उघडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्रकल्पांची एक रिकामी यादी येते आणि तिच्याच शेजारी अ‍ॅसेट लायब्ररीचा विभाग असतो. तिथून एखादा डेमो उतरवून घेतला, की दोन मिनिटांत एक छोटा चालता गेम त्याच्या संगणकावर येतो. तो नुसता खेळता येतो असे नाही, तर त्याची प्रत्येक ओळ वाचता येते, बदलता येते आणि मोडूनही पाहता येते. आज ही सोय अगदी स्वाभाविक वाटते, पण ती या रूपात उभी राहण्यामागे बऱ्याच वर्षांचे निर्णय आहेत.

दुसऱ्याने लिहिलेला गेम वाचून शिकण्याची प्रथा इंजिनांपेक्षा जुनी आहे. घरगुती संगणकांच्या पहिल्या काळात नियतकालिकांतून बेसिक भाषेतील गेम छापले जात आणि वाचक ते ओळीओळीने टंकून घेत. टंकताना झालेली चूक शोधता शोधता ती ओळ काय करते हेही त्यांना कळत असे. १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या गेमने नकाशे, चित्रे आणि आवाज मुख्य प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलीत ठेवले, त्यामुळे प्रोग्रामला हात न लावता नवे नकाशे बनवणे बाहेरच्या माणसाला शक्य झाले. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये गेमचे नियमच क्वेक-सी या वेगळ्या भाषेत लिहिलेले होते आणि ते लोकांना उपलब्ध करून दिले गेले. इंजिन एका बाजूला आणि त्यावर रचलेला गेम दुसऱ्या बाजूला, ही विभागणी इथे स्पष्ट झाली. नमुना प्रकल्प ही कल्पनाच या विभागणीवर उभी आहे.

२००५ मध्ये युनिटी हे गेम इंजिन आले आणि त्याबरोबर नवशिक्यांसाठी तयार शिकवणी प्रकल्प देण्याची पद्धत रुळली. २०१० मध्ये त्याचे अ‍ॅसेट स्टोअर सुरू झाले, ज्यात मोफत आणि विकतची साधने एकाच ठिकाणी मिळू लागली. या दुकानाने असंख्य लहान गटांचे काम सोपे केले, हे मान्यच करायला हवे. मात्र नमुन्याचा कोड वाचता आला तरी तो ज्या इंजिनावर चालतो त्याच्या आत सामान्य विद्यार्थ्याला डोकावता येत नव्हते.

गोडोची वाट इथे वेगळी होते. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांनी अर्जेंटिनात २००७ मध्ये या इंजिनाचे काम सुरू केले आणि पुढची काही वर्षे ते व्यावसायिक कामासाठी अंतर्गत साधन म्हणूनच वापरले. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचा संपूर्ण स्रोत एमआयटी परवान्याखाली खुला करण्यात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १.० ही आवृत्ती आली. इंजिनाची स्वतःची जीडीस्क्रिप्ट ही भाषा तेव्हा बाहेरच्या कोणालाही ठाऊक नव्हती आणि दस्तऐवज तुटपुंजे होते. अशा वेळी स्रोतासोबत आलेले डेमो हेच पहिले पाठ्यपुस्तक ठरले. सुरुवातीला ते इंजिनाच्या मुख्य संग्रहातच होते. पुढे त्यांचा स्वतंत्र संग्रह झाला आणि त्यालाही एमआयटी परवानाच लागू राहिला. म्हणजे डेमोतील कोड उचलून स्वतःच्या विक्रीच्या गेममध्ये घालायला परवान्याची सूचना सोबत ठेवण्यापलीकडे कोणतीही अट नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण शिकताना लिहिलेले आणि प्रत्यक्ष कामात वापरलेले यांच्यामध्ये कायद्याची भिंत उरत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीने अ‍ॅसेट लायब्ररी थेट संपादकात, म्हणजे गेम जिथे रचला जातो त्या गोडोच्या खिडकीत, आणली. तिची रचना दुकानासारखी नव्हती, सूचीसारखी होती. लेखकाने आपल्या कोड-संग्रहाचा पत्ता, परवाना आणि नेमक्या कोणत्या नोंदीपर्यंतचा कोड घ्यायचा ते कळवायचे, स्वयंसेवकांनी ते तपासायचे आणि मग ते यादीत यायचे. डेमो आणि साचे प्रकल्पांच्या यादीजवळ दिसतात, तर अ‍ॅडऑन चालू प्रकल्पाच्या आत. डेमो हा स्वतः उघडायचा पूर्ण प्रकल्प असतो, अ‍ॅडऑन हे दुसऱ्या प्रकल्पात बसवायचे साधन असते. हा फरक नवशिक्याच्या लक्षात पहिल्या दिवशीच आणून दिला पाहिजे. तो न कळल्यामुळे संपूर्ण डेमो आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ओतून गोंधळ झाल्याची उदाहरणे सर्रास दिसतात.

डेमोंमध्ये सर्वाधिक परिचित आहे तो ‘डॉज द क्रीप्स’, जो अधिकृत दस्तऐवजातील पहिल्या द्विमितीय गेमचा पाठही आहे. ४८० गुणिले ७२० पिक्सेलच्या उभ्या खिडकीत खेळाडूने येणाऱ्या शत्रूंना चुकवत जास्तीत जास्त वेळ टिकायचे, एवढाच हा खेळ. पण खेळाडू, शत्रू, गुणफलक आणि या सर्वांना एकत्र आणणारा मुख्य भाग हे वेगवेगळे सीन, म्हणजे गेमचे स्वतंत्र तुकडे, म्हणून तयार केलेले असतात, आणि गोडोची सीनमध्ये सीन बसवण्याची पद्धत त्यातून हाताला लागते. शत्रू पडद्याच्या कडेभोवती आखलेल्या एका मार्गावरील यादृच्छिक ठिकाणी जन्म घेतात. त्यांची वेळ टायमर ठरवतो. पडद्याबाहेर गेलेला शत्रू स्वतःला नष्ट करतो, नाहीतर न दिसणाऱ्या शत्रूंनी स्मृती भरत जाईल. खेळाडूला धक्का लागला की तो ‘मला लागले’ एवढाच सिग्नल, म्हणजे इतर भागांना ऐकता येणारी सूचना, देतो. खेळ थांबवायचा, की गुणफलक बदलायचा, हे तो ठरवत नाही. कोणी कोणाला किती ओळखावे, हा सॉफ्टवेअर रचनेतला सर्वांत कठीण धडा इतक्या लहान खेळात बसवणे मला फार मोलाचे वाटते.

इतर डेमो बहुधा एकेकाच प्रश्नाला धरून आहेत. एखाद्यात पात्राच्या अवस्था कशा बदलतात ते दिसते, एखाद्यात पाँगचा खेळ दोन संगणकांवर कसा चालतो ते दिसते, तर एखाद्यात संपादकासाठी स्वतःचा प्लगइन कसा लिहावा ते दाखवलेले असते. त्यांना अपुरे गेम समजणे चूक आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे त्याच्याभोवती बाकीचे सगळे जाणूनबुजून गाळलेले असते.

या व्यवस्थेचे खरे ओझे आवृत्तीबदलाचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये ३.० आले तेव्हा भौतिकीसाठी, म्हणजे वस्तूंची हालचाल आणि टक्कर मोजण्यासाठी, दर टप्प्याला चालणाऱ्या फंक्शनचे नावच बदलले. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० ने त्याहून मोठा पालट केला. कोडने हलवायच्या पात्रासाठीच्या कायनेमॅटिक बॉडी या नोडचे (सीन ज्यांतून रचतात त्या घटकाचे) नाव कॅरेक्टर बॉडी झाले, वेग हा फंक्शनला द्यायचा आकडा न राहता नोडचाच गुणधर्म बनला, आणि कोडमध्ये वाट पाहायला लावणाऱ्या ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’ आले. परिणामी तीनच्या काळातील धडा चारमध्ये टंकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच ओळींत त्रुटी दिसतात आणि त्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. म्हणूनच अधिकृत डेमो-संग्रहात जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळ्या शाखा, म्हणजे त्याच कोडच्या वेगळ्या प्रती, राखल्या आहेत. आपले इंजिन कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहून तीच शाखा घ्यावी, हे शिक्षकाने सांगण्यासारखे पहिले वाक्य आहे. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ मध्ये चौकोनी तुकडे जोडून नकाशा रचणाऱ्या टाइलमॅपची जागा स्वतंत्र थरांच्या नोडने घेतली, म्हणजे मोठ्या पालटानंतरही डेमो पुन्हा तपासत राहण्याचे काम संपलेले नाही. हे काम करणाऱ्यांची नावे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

अ‍ॅडऑनचा इतिहास याला जोडूनच आहे. अ‍ॅडऑन ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवले जाते, एक लहान संरूपण फाइल त्याचे नाव आणि मुख्य स्क्रिप्ट सांगते, आणि प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ते चालू करावे लागते. चालू होताना ते संपादकात आपली फळी (पॅनल) किंवा नवा नोड जोडते आणि बंद होताना ते सारे स्वतःच काढून घेते. संपादक गोडोतच बांधलेला असल्यामुळे गेमसाठी शिकलेली भाषा आणि नोड याच कामाला येतात. इंजिनाचा गाभा लहान ठेवावा आणि विशिष्ट गरजा अ‍ॅडऑनने भागवाव्यात, हे धोरण गोडो सांभाळणाऱ्यांनी बऱ्यापैकी पाळले आहे. संवादरचनेसाठी ‘डायलॉजिक’ आणि चाचण्यांसाठी ‘गट’ (GUT) ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

कधी प्रवास उलटाही होतो. ४.० मध्ये बुलेट हे भौतिकी इंजिन काढून टाकले गेले आणि गोडोच्या स्वतःच्या त्रिमितीय भौतिकीबद्दल तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा योरिट राउवे यांच्या जोल्ट या मुक्त इंजिनाला गोडोशी जोडणारे अ‍ॅडऑन तयार झाले. ते इतके रुळले की मार्च २०२५ च्या ४.४ मध्ये जोल्ट एक पर्याय म्हणून गाभ्यातच आले. अ‍ॅडऑन हे इथे एखाद्या कल्पनेची उघड्यावर झालेली परीक्षा ठरले.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक स्थापनेमागे (इन्स्टॉलमागे) शुल्क लावण्याची घोषणा केली, तेव्हा अनेक विकसक गोडोकडे वळले. ते शुल्क वर्षभरानंतर रद्द झाले. या नव्या लोकांना इंजिनाची ओळख पुन्हा डेमोंनीच करून दिली.

मराठी वाचकांसाठी ४.० चा आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. तीनच्या आवृत्त्यांत अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे देवनागरीतील जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडत आणि वेलांट्या चुकीच्या जागी दिसत. चारमध्ये ती यंत्रणा आली आणि तिच्यासाठी निरनिराळ्या लिप्या व टंकांची वैशिष्ट्ये दाखवणारा डेमोही संग्रहात आहे. तो उघडून त्यातील मजकुराच्या जागी ‘ज्ञानेश्वर’, ‘कर्तृत्व’ किंवा ‘दुसऱ्या’ असे शब्द घालून पाहिले, की जोडाक्षरे आणि रफार नेमके कसे जुळतात ते लगेच दिसते.