समकालिकतेची सापेक्षता

दोन घटना लांब लांबच्या ठिकाणी पण एकाच वेळी झाल्या, हे सगळ्यांसाठी सारखंच खरं नसतं, मोजणारा कोणत्या वेगाने चाललाय त्यावर ते ठरतं, याला समकालिकतेची सापेक्षता म्हणतात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करता करता विशिष्ट सापेक्षता (एकसारख्या वेगाने चाललेल्या वेगवेगळ्या लोकांना वेळ आणि अंतर कसं मोजलं जातं याचा सिद्धांत) मांडली, त्याच्या मुळाशी हेच आहे. वेगात चाललेली घड्याळं हळू चालणं, वेगात चाललेल्या वस्तूची लांबी आखडणं हे जास्त फेमस झालं, पण नेमका हा भाग सोडला की मग जुळ्या भावांच्या कोड्यात (एक भाऊ वेगात अंतराळात जाऊन परत येतो तर घरी राहिलेल्यापेक्षा तरुण का) डोकं फिरतं.

समजा इंदूरच्या राजवाड्यापाशी एक घड्याळ, ग्वाल्हेरला दुसरं, सरळ रेषेत अंतर साधारण ४५० किमी. बरोबर मधोमध दिवा पेटवायचा, उजेड पोचला की घड्याळ सुरू. जमिनीवरच्या माणसासाठी दोन्ही एकदमच सुरू झाली. आता इंदूरहून ग्वाल्हेरकडे ताशी १०० किमीने निघालेल्या गाडीतला माणूस घ्या, त्याच्या हिशोबाने ग्वाल्हेर उजेडाला सामोरं येतंय आणि इंदूर मागे पळतंय, उजेडाचा वेग मात्र दोन्हीकडे तोच, सेकंदाला जवळपास ३ लाख किमी, म्हणजे ग्वाल्हेरचं घड्याळ आधी सुरू झालं! आणि बरोबर दोघंही आहेत. (बातमी पोचायला लागणारा वेळ वजा करूनच हे बोलतोय, नाहीतर लोकांना वाटतं नुसता दिसण्याचा घोळ आहे.)

फरक किती? वेग गुणिले अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. इथे तो सेकंदाचा ७०० कोटीवा भाग येतो, त्यामुळे गाडी कुणाची चुकत नाही. पण इंदूरच्याच राजा रामण्णा संशोधन केंद्रात इंडस-२ नावाच्या कणांच्या यंत्रात २.५ जीईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाचे इलेक्ट्रॉन फिरतात, तसला एखादा सरळ ग्वाल्हेरकडे सुटला तर त्याच्या हिशोबाने तिथलं घड्याळ सुमारे ७ सेकंद आधी सुरू झालं, कारण एवढ्या वेगाला वरच्या सूत्रात तोच वेग घालून आलेल्या उत्तराला आणखी ४९०० ने गुणावं लागतं.

इंदूरला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा भारतीय प्रमाणवेळ सरासरी १२:२६ च्या आसपास असते, तो प्रकार वेगळा, तिथे फक्त घड्याळातले आकडे बदलतात, कोणत्या घटना एकाच वेळी झाल्या ते नाही.

मग काहीही उलटं होईल का? नाही. उजेडाला ४५० किमी जायला दीड मिलीसेकंद लागतो. जमिनीच्या घड्याळाने या दोन ठिकाणच्या घटनांमध्ये त्यापेक्षा जास्त वेळ गेला असेल तर त्यांचा क्रम सगळ्यांसाठी पक्का. बारसं आधी आणि जन्म नंतर असं कितीही जोरात पळालात तरी होणार नाही. क्रम बदलतो तो फक्त ज्या घटना एकमेकींवर काही परिणाम करूच शकत नाहीत त्यांचा.

खरी पंचाईत फिरत्या पृथ्वीवर होते. विषुववृत्तावर शेजारशेजारची घड्याळं उजेडाने जुळवत जुळवत पूर्ण चक्कर मारली तर शेवटचं घड्याळ पहिल्याशी जुळतच नाही, २०७ नॅनोसेकंद फरक पडतो, म्हणजे अंतरात ६२ मीटर. म्हणून जीपीएसमध्ये वेळ जुळवायला पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली पण तिच्यासोबत न फिरणारी चौकट (वेळ आणि जागा मोजण्याचा आधार) धरतात.