टाकी ते इंजिन : घरी बांधलेल्या विमानांतल्या इंधनवाटेची पार्श्वभूमी

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले, तेव्हा विमान घरीही बांधता येते हे आपल्याकडे अनेकांना पहिल्यांदा कळले. अशा विमानापुढे उभा राहणारा माणूस इंजिनाबद्दल विचारतो, पंखांबद्दल विचारतो, परवान्याबद्दल तर हमखास. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तिचाच असायला हवा.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात इंधनाचा पंप नव्हता. वरच्या पंखाखाली एका खांबाला छोटी टाकी बांधलेली होती आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने इंजिनात उतरत होते. पुढची कित्येक वर्षे हौशी बांधणाऱ्यांनी हीच रीत चालवली. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावच्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मोटारीचे इंजिन लावून ‘एअर कॅम्पर’ उडवले. या विमानाची टाकी डोक्यावरच्या पंखात किंवा नाकात बसते आणि पेट्रोल आपोआप खाली येते. कारखान्यात बनणाऱ्या पायपर कबमध्ये तर टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असे, तिच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल संपत आले की तार खाली जायची. बिघडण्यासारखे जवळपास काहीच नाही, म्हणून मला ही रचना आजही सर्वांत प्रामाणिक वाटते.

पण तिलाही मर्यादा आहे. टाकी नाकात असेल, तर नाक वर करून चढताना टाकी आणि कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) यांच्या उंचीतला फरक घटतो, आणि इंजिनाला सर्वाधिक पेट्रोल नेमके तेव्हाच लागते. म्हणून अमेरिकेच्या प्रमाणित छोट्या विमानांच्या नियमांत २०१७ पर्यंत आकडे ठरलेले होते : पेट्रोल वजनाने उतरत असेल तर उड्डाणाच्या वेळच्या गरजेच्या १५० टक्के प्रवाह मिळायला हवा, पंप असेल तर १२५ टक्के. घरी बांधलेल्या विमानाला हे बंधन लागू नव्हते, तरी जाणती मंडळी शेपटी खाली टेकवून, नळी बादलीत सोडून, घड्याळ लावून प्रवाह मोजतात. टाकीला हवा देणारी बारीक नळीही तपासावी लागते. तिच्यात कुंभारीण माशीने चिखलाचे घर केले, तरी टाकीत पोकळी तयार होऊन भरल्या टाकीवर इंजिन बंद पडू शकते.

१९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली आणि हौशी बांधणीला घर मिळाले. पुढे वेगवान, खालच्या पंखाची विमाने आली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही-४, आरव्ही-६ या विमानांच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत, म्हणजे इंजिनापेक्षा खाली असतात. मग पंप आलेच : एक इंजिनावर चालणारा, दुसरा विजेचा. दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवण्याची सोयही गेली, कारण एक रिकामी झाली की पंप तिच्यातली हवाच ओढतो. शिवाय ओढणाऱ्या बाजूला दाब कमी होतो, आणि गरम इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसताच फिरतो. पंप टाकीजवळ ठेवून पेट्रोल ढकलावे, ही समजूत अशाच अनुभवांतून पक्की झाली.

डावी-उजवी टाकी बदलणारा कॉक मात्र वैमानिकाच्या हातात राहिला. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळले, ते विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या ‘लाँग-ईझी’ विमानात. आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटबाहेर ठेवण्यासाठी तो डाव्या खांद्यामागे नेला. हेतू सुरक्षेचाच होता. पण स्कूटर रिझर्व्हला लावताना रस्त्यावरची नजर न हलवता खाली हात जातो, तसे इथे शक्य नव्हते : विमान वळवण्याच्या दांड्यावरचा हात काढून, पट्टा सैल करून, अंग वळवून मागे पोचावे लागे. कॉकवर खुणा नव्हत्या. पेट्रोल दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या. निघण्यापूर्वी पेट्रोल भरून देण्याची तयारी तंत्रज्ञाने दाखवली होती, ती डेन्व्हर यांनी नाकारली. कॉकशी झटताना उजवे रडर (शेपटीचे सुकाणू, ते पायाने चालते) नकळत दाबले जाऊन ताबा सुटला, असा अमेरिकी तपास मंडळाचा निष्कर्ष होता. अपुरी तयारी आणि नव्या विमानाचा अपुरा सराव यांबरोबर कॉकची जागाही मंडळाने कारणांत नोंदवली. इंधनवाटेत माणसाचा हातही येतो, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या अपघाताने दाखवले असेल असे मला वाटत नाही.

याच मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांच्या सुरक्षेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि उड्डाणाची परवानगी देण्यापूर्वी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी करून घ्यावी, अशी शिफारस केली. दरम्यान अनेक बांधणारे कार्बोरेटर सोडून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनकडे, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या व्यवस्थेकडे, वळले आहेत. त्यात दाब कितीतरी जास्त असतो, उरलेले पेट्रोल सहसा टाकीत परत न्यावे लागते आणि बहुतेक रचनांत दोन्ही पंप विजेवर चालतात. वीज गेली की पेट्रोलही गेले. त्यामुळे दुसरी बॅटरी, पंपांसाठी वेगवेगळ्या तारा आणि वेगवेगळे फ्यूज हा आता इंधनव्यवस्थेच्या आराखड्याचाच भाग झाला आहे.