कर्सस की अ‍ॅव्हेन्यू? स्टोनहेंजजवळच्या दोन जोडबांधांची ओळख

स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या प्रागैतिहासिक शिलावर्तुळाच्या परिसराच्या नकाशावर दोन लांबलचक जोडरेघा दिसतात: एक कर्सस, दुसरी अ‍ॅव्हेन्यू. दोन्हींत समांतर चर आणि त्यांच्या आतल्या अंगाला मातीचे बांध. दोन्हींची लांबी अडीच ते तीन किलोमीटर. बांध आत की बाहेर, यावरून त्या ओळखायला जाल तर फसाल.

आधी रुंदी पावलांनी मोजा. अ‍ॅव्हेन्यूचे चर साधारण २२ मीटर अंतरावर, म्हणजे तीसेक पावलांत पार. कर्ससची रुंदी १०० ते १५० मीटर. त्यात मधोमध उभं राहिलं तरी आपण कशाच्या आत आहोत हे कळत नाही. मग टोकं बघा. कर्सस दोन्हीकडे आडव्या चराने बंद. अ‍ॅव्हेन्यू मात्र वाट आहे: शिळांपासून निघते, पहिला अर्धा किलोमीटर उन्हाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाच्या रोखाने सरळ जाते, मग वळून एव्हन नदीपर्यंत पोचते.

पुरावशेषांचे इंग्रज अभ्यासक विल्यम स्टकली यांना १७२३ मध्ये कर्सस रोमन शर्यतीचं मैदान वाटला. लॅटिन नाव त्यावरूनच चिकटलं, आणि ते साफ चुकीचं आहे. चरात सापडलेली हरणाच्या शिंगाची कुदळ इ.स.पू. ३६३० ते ३३७५ मधली निघाली. तेव्हा स्टोनहेंजचा पत्ताच नव्हता. अ‍ॅव्हेन्यू त्यानंतर हजारेक वर्षांची.

भर दुपारी गेलात तर दोन्ही नुसती कुरणं. सूर्य कलल्यावर जा, म्हणजे बांधांच्या सावल्या पडतात. अ‍ॅव्हेन्यूला तोडणारा ए३४४ रस्ता २०१३ मध्ये बंद झाला, तेव्हा डांबराखाली तिचे चर शाबूत सापडले. जमिनीवर काही दिसत नाही म्हणजे खाली काही नाही, असं धरून चालू नये.

ब्रिटनच्या १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली दोन्ही सूचीबद्ध स्मारकं आहेत. इथे खांबासाठी खड्डा घ्यायचा तरी आधी लेखी संमती लागते. नांगरटीला काही ठिकाणी सरसकट मुभा असते, पण फाळ पूर्वीपेक्षा खोल गेला की ती संपली. धातुशोधक यंत्र फिरवायला वेगळा परवाना लागतो. जमीनमालकाचा होकार पुरत नाही. आपल्याकडे केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तसा ठरावीक पट्टा इंग्लंडच्या त्या कायद्यात नाही. संमतीची अट नकाशावरच्या सूचीबद्ध हद्दीपुरती. हद्दीबाहेरच्या बांधकामाचा विचार नियोजन परवानगीत होतो. म्हणून काम कुठलंही असो, पहिली तपासणी त्या हद्दीच्या रेषेची.