आल्विन क्लार्क: वर काढलं आणि घालवलं

ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या प्रचंड सरोवरांत, डायव्हिंग करणाऱ्यांचा आज एक पक्का नियम आहे, बुडालेलं जहाज बघा, फोटो काढा आणि वर या, कशाला हात लावायचा नाही. हा नियम एवढा कडक का झाला ते समजून घ्यायचं असेल तर आल्विन क्लार्क या जहाजाचं काय झालं ते आधी माहीत पाहिजे.

जहाज तसं साधंच, 1846-47 च्या सुमारास मिशिगनमध्ये बांधलेलं दोन डोलकाठ्यांचं लाकडी स्कूनर, शंभरेक फूट लांब. धान्य, लाकूड वगैरे ने-आण करणारी अशी शिडाची जहाजं तेव्हा या सरोवरांत ढिगाने होती, आजच्या ट्रकांसारखी समजा. 29 जून 1864 ला ते लाकूड भरायला ओकाँटो बंदराकडे रिकामं चाललं होतं, आणि लेक मिशिगनच्या ग्रीन बेमध्ये चेंबर्स बेटाजवळ अचानक वादळी झोत आला. माल भरायच्या जागेची वरची झाकणं उघडीच होती, पाणी थेट आत शिरलं. पाच जणांपैकी तीन बुडाले, दोन वाचले.

पुढची शंभर वर्षं ते शंभर फुटांपेक्षा जास्त खोल पाण्यात उभंच्या उभं होतं, डोलकाठ्यांसकट. पाणी थंड आणि गोडं, आणि समुद्रात लाकूड पोखरणारे शिपवर्म गोड्या पाण्यात जगत नाहीत. 1967 मध्ये एका मच्छीमाराचं जाळं खाली कशाला तरी अडकलं, ते सोडवायला डायव्हर उतरला तर समोर अख्खं जहाज. नाव कुणालाच माहीत नव्हतं म्हणून 'मिस्ट्री शिप' म्हणायला लागले, खरी ओळख नंतर पटली.

आता वादाचा भाग. त्या डायव्हरने ते वर काढायचं ठरवलं. सरकारी प्रकल्प वगैरे काही नाही, स्वतःचा पैसा आणि हौशी डायव्हरांची फौज. गाळ उपसला, जहाजाच्या पोटाखालून बोगदे करून केबल घातल्या आणि जुलै 1969 मध्ये ते पाण्याबाहेर आलं. आतलं पाणी पंपाने काढल्यावर ते चक्क स्वतःच्या जोरावर तरंगलं! शंभर वर्षं बुडालेलं लाकडी जहाज, विचार करा. आत खलाशांच्या वस्तू, हत्यारं, भांडी. तंत्र म्हणून बघितलं तर काम जबरदस्तच होतं, आज कितीही नावं ठेवा.

पण पुढचा प्लॅनच नव्हता. पाण्याने भिजलेलं जुनं लाकूड उघड्यावर ठेवलं की आतलं पाणी उडतं, पेशी आकसतात, लाकूड पिळवटतं, तडे जातात, वर बुरशी. उपाय तेव्हाही माहीत होता. स्वीडनमध्ये 1628 ला बुडालेलं वासा नावाचं जहाज 1961 मध्ये काढलं आणि त्याच्यावर पॉलिथिलीन ग्लायकॉल 17 वर्षं फवारत बसले, म्हणजे पाण्याची जागा हळूहळू ते रसायन घेतं. पण तिकडे मागे सरकार होतं, इकडे एक माणूस आणि तिकीट काढून बघायला येणारे टुरिस्ट. तिकिटांवर असलं काम होत नाही. 1974 मध्ये जहाजाचं नाव राष्ट्रीय वारसा यादीत गेलं, मान मिळाला पण पैसे काही आले नाहीत. लाकूड डोळ्यांदेखत कुजत गेलं, मालक कर्जात बुडाला, शेवटी त्याने विकून टाकलं, आणि 1994 मध्ये उरलेलं सगळं मशीन लावून मोडलं.

सगळा दोष त्या डायव्हरच्या डोक्यावर टाकायची पद्धत आहे, मला ते अर्धंच पटतं. काढायची घाई त्याची होती हे खरं, पण वर आल्यावर पंचवीस वर्षं ते उघड्यावर सगळ्यांसमोर होतं, यादीत नाव घालणाऱ्यांनाही ते दिसत होतंच की.

कायदा बदलला तो जहाज वर काढल्यानंतरच्या काळात. मिशिगनने 1980 मध्ये पाण्याखालची राखीव क्षेत्रं करायचा कायदा केला. मग 1987 चा फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा, सही झाली एप्रिल 1988 मध्ये, त्याने राज्याच्या हद्दीत तळाशी रुतलेली बेवारस जहाजं राज्याच्या मालकीची झाली आणि 'ज्याला सापडलं त्याचं' हा हिशोब तिथे संपला. 2000 मध्ये लेक ह्युरॉनचा थंडर बे बुडालेल्या जहाजांसाठीचं राष्ट्रीय अभयारण्य झाला, 2021 मध्ये लेक मिशिगनच्या विस्कॉन्सिन किनाऱ्यालाही तोच दर्जा मिळाला. सगळ्यांचं धोरण एकच, जहाज जिथे आहे तिथेच ठेवा.

आता त्यातही नवी भानगड आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी मालवाहू जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल सांभाळायला जहाजात भरलेलं पाणी) झेब्रा आणि क्वागा शिंपले इथे आले, आणि त्यांचे थरच्या थर या जहाजांवर बसतात, वजन वाढतं, नक्षी आणि नावं झाकली जातात, खरवडायला जावं तर लाकूडही सोबत निघतं. त्यामुळे तळाशी ठेवलं की सुरक्षित, हे 1988 मध्ये जेवढं खरं होतं तेवढं आता राहिलेलं नाही, आणि सध्या सगळा जोर आहे तो शिंपल्यांनी पूर्ण झाकायच्या आत जहाजं शोधून त्यांचं मोजमाप आणि थ्रीडी रेकॉर्ड करून ठेवण्यावर.