वर ओतलेलं खाली, खाली ओतलेलं वर

“मावशी, सोपा सांग. पण दिसायला असा भारी पाहिजे की मी दोन दिवस खपले असं वाटलं पाहिजे.” आठवीतल्या भाचीचा फोन. शाळेत केकची स्पर्धा, घरून भाजून न्यायचा, हाताशी एक रविवार. तिच्या आईच्या मनात तीन मजली क्रीमचा केक होता. रिक्षातून शाळेत पोचेपर्यंत त्याचा एक मजला नक्की उतरला असता, म्हणून तो मी फोनवरच रद्द केला.

थरांचा केक म्हटलं की मला गोव्याची बिबिंका आठवते. नारळाचं दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, मैदा, तूप. एक थर भाजायचा, त्यावर दुसरा ओतायचा, तो भाजायचा, असे साधारण सात. दिसायला भारी, पण सोपी अजिबात नाही. थरांनी आपली आपणच रांग लावली तर?

असा केक आहे. मेक्सिकोत त्याला ‘पास्तेल इम्पोसिब्ले’, म्हणजे अशक्य केक म्हणतात. चोकोफ्लान हे त्याचं दुसरं नाव. साच्याच्या तळाशी साखरेचं कॅरमल ओतायचं, त्यावर चॉकलेट केकचं मिश्रण आणि त्यावर अंडी, आटवलेलं दूध आणि कंडेन्स्ड मिल्क यांचं पातळ कस्टर्ड. फॉइलने झाकून, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये साचा ठेवून, 175 अंशांवर तासभर भाजायचं. ओव्हनमध्ये कस्टर्ड खाली जातं आणि केक वर येतो. शाळेत अंडं चालतं का, एवढं आधी विचारून घ्यायचं. बाजारच्या कस्टर्ड पावडरीने काम भागत नाही. ती मुख्यतः मक्याचा स्टार्च असते, आणि इथे घट्ट होण्याचं काम अंड्याच्या प्रथिनांचं आहे.

जागांची अदलाबदल होते ती घनतेमुळे, हे कुणीही सांगेल. कंडेन्स्ड मिल्कचा एक लिटर सुमारे 1.3 किलो भरतो, त्यामुळे कस्टर्ड पाण्याहून जड असतं. केकच्या मिश्रणात बुडबुडे असतात, म्हणून ते हलकं. पण मला खरी गंमत वाटते ती बुडबुड्यांचीच.

बहुतेकांची समजूत अशी की बेकिंग पावडर बुडबुडे तयार करते. ती तयार करते कार्बन डायऑक्साइड. त्या वायूला शिरायला बुडबुडा आधीच हजर असावा लागतो. बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताणामुळे त्याच्या आत जास्तीचा दाब. मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी त्रिज्या धरली, तर हा दाब शंभरेक वातावरणांइतका, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या शंभरेक पट निघतो. एवढा दाब झुगारून शून्यातून बुडबुडा फुगवणं चमचाभर पावडरीला जमत नाही. उलट फेटताना अडकलेला, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या त्रिज्येचा बुडबुडा घ्या. त्यात जास्तीचा दाब वातावरणाच्या विसाव्या हिश्श्याएवढाच असतो. वायू सुखाने तिथे जातो. म्हणजे केकमधल्या छिद्रांची संख्या फेटतानाच ठरते. ओव्हनमध्ये ती छिद्रं फुगतात, एकमेकांत मिसळतात, पण नवी फारशी जन्मत नाहीत.

इथे एक जुना ‘नियम’ आडवा येतो: मिश्रण एकाच दिशेने फेटायचं, उलटा हात फिरला की केक बसतो. माझ्या आईने मला सांगितला, मी पंधरा वर्षं इमानाने पाळला. मग एकदा हँड मिक्सरकडे नीट पाहिलं. त्याची दोन पाती एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात! हवेला डावं-उजवं कळत नाही. केक बसतो तो मैदा घातल्यावर फार वेळ घोटल्याने किंवा मधला भाग घट्ट होण्याआधी ओव्हन उघडून गारवा आत सोडल्याने. शेजारणीच्या नजरेचा संबंध एवढाच, की तिला दाखवायला आपण दार उघडतो.

आता थोडं गणित. ज्याला कंटाळा असेल त्याने पुढचा परिच्छेद ओलांडावा, मी रागावणार नाही.

30 अंशांवरचा हवेचा बुडबुडा 90 अंशांपर्यंत तापवला, तर वायूच्या नियमाप्रमाणे तो जेमतेम 20 टक्के फुगतो. तेवढ्याने केक वर येत नाही. पण बुडबुड्याच्या भिंती ओल्या असतात, आणि त्यांच्यातून आत वाफ शिरते. बुडबुड्यातला एकूण दाब 100 मानू. 30 अंशांना त्यात वाफेचा वाटा 4 आणि हवेचा 96. 80 अंशांना वाफ 47, हवेला उरले 53. 90 अंशांना वाफ जवळपास 69, हवेला 31. हवा तर तेवढीच आहे, मग तिचा दाब 96 वरून 31 वर यायचा कसा? जागा वाढवून. तापमानाचा परिणाम धरून हिशेब केला, तर 80 अंशांना बुडबुडा दुपटीहून थोडा मोठा, 90 ला पावणेचार पट आणि 95 ला जवळजवळ सात पट होतो. प्रत्यक्षात मिश्रण चिकट असतं, साखर वाफेला थोडं मागे ओढते, काही बुडबुडे फुटतात, त्यामुळे एवढी मजल गाठली जात नाही. पण कल लक्षात घ्या: बेकिंग पावडर वायूची बेरीज करते, गुणाकार वाफ करते. ‘केमिकल-फ्री केक’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी पाणी नावाचं हे केमिकल आधी काढून दाखवावं.

तर तळातलं मिश्रण तापून सैल होतं, हलकं होतं, आणि डोक्यावर जड कस्टर्ड. जड द्रव वर आणि हलका खाली ही अवस्था टिकत नाही. सीमेवर जरा उंचवटा आला की तो वाढतच जातो, हलका द्रव बोटांसारखा वर घुसतो आणि जड द्रव त्या बोटांमधून खाली उतरतो. याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1883 मध्ये तिचं गणित मांडलं आणि त्यांचेच देशबांधव जी. आय. टेलर यांनी 1950 मध्ये ते पुढे नेलं. 1054 साली चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या ताऱ्याच्या स्फोटातून उरलेला क्रॅब नेब्युला आहे ना, त्याच्यातल्या तंतूंचं स्पष्टीकरणही हीच अस्थिरता देते. हे मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, “मावशी, मैदा किती ते सांग.”

मैदा दीड वाटी. पण घाई नडते ती वेगळ्याच जागी. कस्टर्ड 80-85 अंशांच्या आसपास घट्ट होतं. केकमधला स्टार्च एरवी 60-65 ला फुगायला लागतो, भरपूर साखर असेल तर 80 च्याही पुढे. म्हणजे दोन्ही थर साधारण एकाच सुमारास गोठणार, आणि अदलाबदल त्याआधी उरकायला हवी. गरम पाण्याचा ट्रे त्यासाठीच. पाणी 100 अंशांपुढे जात नाही, त्यामुळे कडा पटकन भाजून निघत नाहीत आणि थरांना जागा बदलायला सवड मिळते. कस्टर्ड फाटत नाही हा वरचा फायदा. पहिल्या खेपेला मी ट्रेला फाटा दिला होता आणि कस्टर्ड उंचावरून धबधब्यासारखं ओतलं होतं. बाहेर आला तो तपकिरी, भोकाभोकांचा खरवस. कस्टर्ड पळीच्या पाठीवरून हळू सोडायचं. थोडं मिश्रण लगेच वर तरंगलं तरी घाबरायचं नाही.

साचा मधे नळी असलेला, बंट पद्धतीचा घ्यावा. नळीमुळे उष्णता मधूनही पोचते, आणि नक्षीचं काम साचाच करतो. हा साचा अमेरिकेत 1950 मध्ये निघाला, पण घरोघरी गेला तो 1966 नंतर, टेक्सासच्या एला हेलफ्रिक यांनी त्यात भाजलेल्या केकला पिल्सबरी या पिठाच्या कंपनीच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाल्यावर. पहिला कोणाचा आला ते फारसं कुणाला आठवत नाही.

केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. कडक झालेलं कॅरमल कस्टर्डमधलं पाणी ओढून घेतं आणि सकाळपर्यंत त्याचा पाक होतो. मग साचा मिनिटभर गरम पाण्यात, वर ताट, आणि श्वास रोखून पालथा.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. “मावशी, परीक्षक बाई विचारत होत्या, केकवर हा कस्टर्डचा थर चिकटवला कशाने?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, मी तो वरच ओतला होता. तो खाली गेला. मग मी केक पालथा केला.”