हिडकल भरलं, मग लाईट का जाते?

ऑगस्टमध्ये हिडकल धरण भरलं की बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी-संकेश्वरकडे हा प्रश्न हमखास कानावर येतो. हिडकल आणि सुपा ही दोन्ही धरणं एकाच मापाने मोजली जातात, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

हिडकल आपल्या ओळखीचं: घटप्रभेवरचं, 51 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचं, शेतीसाठी बांधलेलं. वीजघर 32 मेगावॉटचं. सुपा खानापूरच्या पलीकडे, जोयडा तालुक्यात काळी नदीवर. साठा सुमारे 147 टीएमसी आणि बांधलं ते विजेसाठीच. लांबी, दरवाजे हे फरक सोडून द्या.

पाणी कधी सोडायचं हे कोण ठरवतं, ते बघा. हिडकलला ते पीक ठरवतं. आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याची पाळी, चालू असलं की शेताकडे निघालेलं पाणी जाता जाता टर्बाइन फिरवतं. आवर्तन थांबलं की धरण काठोकाठ असूनही वीजघर गप्प. सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ टाकून खाली 'वीजनिर्मिती जोरात' लिहितात, त्याचा मला मनापासून राग येतो. ते पाणी टर्बाइनला शिवतसुद्धा नाही, त्यातून एक युनिटही तयार होत नाही.

सुप्याचं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे सुटतं. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात आणि ग्रीडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, वारंवारता नेहमीच्या 50 हर्ट्झच्या खाली घसरू लागते. बेंगळुरूच्या भार नियंत्रण केंद्रातून सूचना येते, सुप्याच्या पाण्यावर चालणाऱ्या नागझरी वीजघराची जनित्रं काही मिनिटांत भार उचलतात. रायचूरचा कोळशाचा बंद संच तापून चालू व्हायला कित्येक तास जातात. म्हणून सुप्याचं पाणी राखून वापरायचं असतं. शिवाय तेच पाणी पुन्हा पुन्हा कामाला येतं: सुप्याच्या पायथ्याशी 100 मेगावॉट, पुढे बोगद्यातून तीनशेहून जास्त मीटर खाली उतरून नागझरीला जवळपास 900, मग कोडसळ्ळीला 120 आणि कद्र्याला 150. हिडकलची उंचीच मुळात 62 मीटरच्या आसपास, तिथे पाणी पडून पडून किती पडणार?

'हिडकलची वीज आधी हुक्केरीला द्या' ही मागणीही मला पटत नाही. तारेत गेलेल्या विजेवर गावाचं नाव नसतं, आणि 31 डिसेंबर 2013 पासून तर देशभराचं ग्रीड एकच आहे. तुमच्या गल्लीतली लाईट बहुतेक वेळा 11 केव्हीच्या फीडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाईनवर) फांदी पडून किंवा टीसी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) जळून जाते. सेक्शन ऑफिसला फोन कराल तेव्हा धरणाची पातळी विचारू नका, कोणता फीडर ट्रिप झालाय (बंद पडलाय) ते विचारा.