आकडी थांबली, पण मेंदूचं काय?

अतिदक्षता विभागातला रुग्ण निपचित पडलेला असतो. घशात नळी, हातपाय सैल. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना हायसं वाटतं: आकडी गेली एकदाची! ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मात्र कधीकधी लाटा उसळतच असतात. अंग शांत आणि आत वणवा, असं खरोखर घडतं.

1973 मध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांना आकडी आणून प्रयोग केले. औषधाने स्नायू लुळे केले, श्वास यंत्राने चालू ठेवला. अंगाला एकही झटका नाही, तरी मेंदूतल्या पेशी मेल्याच. झटके येणाऱ्या माकडांपेक्षा कमी मेल्या, पण मेल्या.

मोठी आकडी 5 मिनिटांत थांबली नाही, तर ती आपोआप थांबण्याची आशा सोडून औषध द्यायचं असतं. आकडी लांबली की मेंदूला आवर घालणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाची ग्राहककेंद्रं, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, पेशी हळूहळू आत ओढून घेतात, आणि नेहमीची औषधं तर तिथेच काम करतात. उशीर होईल तसं औषध लागू पडेनासं होतं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जाणारी मिनिटं म्हणूनच मला फार बोचतात.

या वणव्याचा धूर मोजायची एक युक्ती आहे, मायक्रोडायलिसिस. ती घडवण्यात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या उर्बान उंगरस्टेट यांचा मोठा वाटा. कवटीला छिद्र पाडून अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड नळी मेंदूत सरकवतात. तिच्या टोकाला सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. आतून मिनिटाला 0.3 मायक्रोलिटर द्रव वाहतो आणि पेशींभोवतालची रसायनं त्यात झिरपतात. तासाभरात कुपीत जमतात जेमतेम 18 मायक्रोलिटर, म्हणजे अर्धा थेंबही नाही. नर्स कुपी काढते, नवी लावते, जुनी यंत्रात ठेवते. काही मिनिटांत आकडे समोर!

ग्लुकोज घसरलं, तर इंधन पुरत नाही. ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन वाढलं, तर पेशी अतिउत्तेजित आहेत. आकडीत ते वाढतं, हे 1993 मध्ये येल विद्यापीठातल्या ड्यूरिंग आणि स्पेन्सर यांनी याच पद्धतीने माणसांत दाखवलं. ग्लिसरॉल वाढणं ही पेशींची आवरणं फुटत असल्याची खूण. पण सगळ्यांत बोलका आकडा लॅक्टेट आणि पायरुव्हेटच्या गुणोत्तराचा. पेशीची ऊर्जाभट्टी नीट चालू असेल तर ग्लुकोजपासून बनणारं पायरुव्हेट तिच्यात जळतं. ऑक्सिजन कमी पडला किंवा भट्टीच बिघडली, की त्याचं लॅक्टेट होतं. गुणोत्तर 25 च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. डोक्याला मार बसलेल्या रुग्णांमध्ये न दिसणाऱ्या आकडीच्या वेळी ते चढतं, हे लॉस एंजेलिसच्या पॉल वेस्पा यांच्या गटाने नोंदवलं आहे.

अर्थात नळीला कळतं ते आपल्या भोवतीच्या इवल्याशा जागेपुरतं, तेही तासाभराने. शिवाय मेंदूत छिद्र पाडायचं म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका आलाच. त्यामुळे ती मोजक्या केंद्रांत, निवडक रुग्णांनाच बसवतात, आणि तिथेही शेजारी ईईजी अखंड चालू ठेवावा लागतो.